एकतारी द्रावण

“ताई, हे लई पातळ हाय. ठिपकंच पडत्याल, तार न्हाई धरायची.”

“काका, पुस्तकात हेच प्रमाण दिलंय,” मी फणकारले.

“पुस्तकानं कधी गूळ केलाय का?”

कचरूकाका आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. १९९८ साली नगरच्या कॉलेजात मी जिलेटीनपासून केसाहून शेकडो पट बारीक धागे काढायच्या खटपटीत होते. अशा धाग्यांची पट्टी भाजलेल्या जखमेवर लावता येईल, ही आशा. सुईतून द्रावण सोडायचं, जुन्या टीव्हीच्या सुट्या भागांतून जमवलेल्या यंत्राने विजेचा जबर दाब द्यायचा, की समोरच्या पत्र्यावर धागे जमायला हवेत. माझ्या नशिबी नुसते थेंब! शनिवारपर्यंत धागा निघाला नाही तर गाशा गुंडाळा, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. म्हणजे माझी पीएच.डी. बुडाली. आणि आज गुरुवार होता.

काका मूळचे नेवाशाकडचे गुळवे. कारखाना आला, ऊस तिकडे वळला, गुऱ्हाळ थंडावलं. नुसत्या बोटांनी पाक ओळखणारा माणूस दोन वर्षं आमच्या बाटल्या धूत होता आणि मी कधी साधी चौकशी केली नव्हती. आजही त्याची लाज वाटते.

शेवटी मी हात टेकले. “करा तुमच्या मनासारखं.”

त्यांनी कोमट द्रावण चिमटीत धरलं, बोटं उघडली, मिटली.

“अजून टाका.” मी पूड टाकली, ढवळलं. “अजून वाईच... बास. ही बघा एकतारी.”

तासाभरात पत्र्यावर पांढरी साय धरली. सूक्ष्मदर्शकाखाली धागेच धागे! मी नाचायचीच बाकी होते.

“एवढंसंच? मला वाटलं, लुगडं निघतंय,” काका म्हणाले.

वर्षभराने शोधनिबंध छापून आला. आधी सरांचं नाव, मग माझं. शिपायाचं नाव कोण घालतं, असं सर म्हणाले होते आणि मी गप्प बसले होते. काका त्याच महिन्यात निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी तो अंक मागून घेतला, इंग्रजी पानं उलटली.

“ताई, ह्यात मी कुठं हाय?”

खोटं बोलवेना. काकांच्या बोटांनी ठरवलेलं द्रावणातलं जिलेटीनचं प्रमाण निबंधात एका ओळीत, टक्क्यांत दिलं होतं. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं. “हे तुम्ही.”

“अकरा,” त्यांनी आकडा वाचला. अंगठा त्यावरून हलकेच फिरवला.

“बारीक लिवलंय,” ते म्हणाले, “पर हाय.”