नळाखाली धर

बाबांच्या दगडकामाच्या कारखान्यात प्रथमोपचार एकच होता, गार पाणी. कुणाचं बोट कापलं की ते म्हणायचे, "नळाखाली धर. गिऱ्हाइकाच्या दगडावर तुझी सही नको." मग चिंधी बांधायची आणि कामाला लागायचं. तीस वर्षं हे असंच चाललं.

त्या सकाळी लोखंडी चौकटीला टेकून ठेवलेली ग्रॅनाइटची लादी सरकली आणि बाबा कमरेपासून खाली तिच्याखाली सापडले. त्यांचे भागीदार, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते आणि बाबा त्यांच्या बुटकेपणावरून 'अर्धा फूट' म्हणत, त्यांनी चौघांना घेऊन लादी उचलली. बाबांना ओल्या फरशीवर निजवलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वीस मिनिटं त्यांच्या रक्ताळलेल्या मांड्यांवर नळाचं पाणी सोडलं.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. मार मोठा असला की पहिल्या अर्ध्या तासातच रक्त गोठायची व्यवस्था कोलमडू लागते, अंग गार पडलं की आणखी बिघडते, असं त्यांनी सांगितलं. बाबांचं अंग फार गार होतं. तपासणीसाठी काढलेल्या रक्ताची नळी परिचारिकेनं तिरकी केली, तेव्हा ते पाण्यासारखं वाहिलं. एका हाताला रक्त चढवत होते आणि सुईच्या टोचांतून ते बाहेरही पाझरत होतं. दुपारी तीनला ते गेले. पाण्यामुळे किती फरक पडला, असं मी विचारलं. काही पडला असेल, किती ते सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी मी बाबांचा चष्मा आणायला कारखान्यात गेले. काकांनी चहा मागवला. मी बापासारखीच उंचीपुरी, वाट अडवून उभी राहते, असंही म्हणाले. मग पेल्यात बघत त्यांनी विचारलं, "खरं सांग. मी केलं ते बरोबर होतं ना?"

हो म्हणायचं, हे मी येतानाच ठरवलं होतं. पण समोर पॉलिशवाल्या बाई नळाखाली अंगठा धरून उभ्या होत्या आणि मागून कुणीतरी म्हणालं, "सही नको हं."

"बोट कापलं तर बरोबर," मी म्हटलं. "मोठ्या माराला नाही, काका. तिथं जखम दाबून धरायची आणि अंग गरम ठेवायचं."

"म्हणजे पाण्यानं..."

"डॉक्टरांनाही ठरवता आलं नाही. मार मोठाच होता. आणि नियम बाबांचा होता."

काकांनी पेला खाली ठेवला. मग उठले. ओरखडे पडू नयेत म्हणून लाद्यांना गुंडाळायच्या जाड घोंगड्यांचा ढीग भिंतीशी होता. त्यातली एक स्वच्छ घोंगडी निवडून त्यांनी घडी घातली आणि नळाशेजारच्या खिळ्याकडे नेली. तो ढीग त्या दिवशीही तिथंच होता. 

खिळा बाबांनी स्वतःचा हात पोचेल इतका उंच ठोकला होता. काकांचा हात पुरेना, म्हणून घोंगडी मी अडकवली.