चौदा घोड्यांचा एक तोबरा

घोड्याच्या तोंडाला चंदीची, म्हणजे खुराकाची, पिशवी बांधतात ना, ती मी. मला तोबरा म्हणतात. आजवर दुसऱ्यांच्या तोंडावर बसलो. आज स्वतःचं तोंड उघडतो आहे, कारण मला एक गुन्हा कबूल करायचा आहे.

गांधीबागेत गोण्या शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला जाड कॅनव्हासचा शिवला. धोंडबा टांगेवाल्याने मला नेलं ते आपल्या घोडीसाठी. घोडीचं नाव चिमणी. दुपारी टांगा स्टँडवर उभा राहिला की तो माझ्यात भिजवलेले हरभरे भरून मला तिच्या मानेला अडकवायचा. तळाचे चार दाणे मिळेनात की ती मान वर उडवायची आणि मी तिच्या नाकावर आपटायचो. तिचा गरम श्वास माझ्यात भरून राहायचा. मला याहून दुसरं काही नको होतं.

धोंडबाला एकच मुलगी, गोपिका. चिमणीच्याच टांग्यातून ती कॉलेजात गेली, बी.एस्सी. झाली. बाप तिच्या शिक्षणाचं कौतुक साऱ्या स्टँडला ऐकवायचा. पण ती शिकलेलं काही बोलली की म्हणायचा, गप बस. मुलींना शिकवायचं कशाला, जर त्यांचं ऐकायचंच नसेल? हे मला आजही उमगलेलं नाही.

१९८७ साल. घोड्यांच्या फ्लूची साथ उत्तरेकडून येते आहे, अशी बातमी आली. जनावरांचे डॉक्टर स्टँडवर आले आणि म्हणाले, थोडी लस मिळाली आहे, शनिवारपर्यंत नावं द्या. घोडा धडधाकट असतानाच ती टोचावी लागते, दुखणं लागल्यावर उपयोग नाही. टोचल्यावर पाच दिवस घोडा जुंपायचा नाही.

स्टँडवर चौदा घोडे होते. तिथला रिवाज असा, की सगळ्यांत जुना टांगेवाला जे करील तेच बाकीचे करणार. जुना म्हणजे धोंडबा. म्हणजे चौदा घोड्यांचं काय करायचं ते एका माणसाच्या सहीवर ठरणार होतं.

त्याच संध्याकाळी गोपिकाने बापापुढे फॉर्म ठेवला.

"लग्नसराई हाये. पाच दिवस घोडी बांधून ठेवू का?" धोंडबा म्हणाला. "अन् गोपाळरावच्या घोड्याले सुई टोचली होती, दुसऱ्या दिवशी मेला. मी या डोळ्यानं पाह्यलं."

"तो आधीच मरून राह्यला होता, बाबा. सुई उशिरा दिली."

"तू तेव्हा पाळण्यात होती वं. मले शिकवून राह्यली का?"

"पाळण्यात नसती तर तेव्हाच सांगितलं असतं."

धोंडबाला हसू आलं. सही मात्र त्याने केली नाही. गोपिका रोज मागे लागली, रोज भांडली. पांढऱ्या केसांनी साथ अडत नाही, असंही ती एकदा बोलून गेली.

शुक्रवारी स्टँडवरच्याच रामाजीचा घोडा खोकायला लागला. आठवड्यापूर्वीच त्याने तो कन्हानहून आणला होता. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. रामाजी धोंडबाकडे धावला, कारण धोंडबाचा वाफारा नावाजलेला. कोंड्यात ओवा आणि लसूण घालून कढत पाणी ओतायचं, ते तोबऱ्यात भरायचं आणि तोबरा घोड्याच्या तोंडाला बांधायचा. हात एकाचा आणि तोबराही एकच, तरच गुण येतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत.

मला त्या आजारी घोड्याला बांधलं. तो माझ्यात खोकला, शिंकला. मी आतून चिंब झालो. मग धोंडबाने मला झटकलं, नवा कोंडा भरला आणि शेजारच्या ठणठणीत घोड्याला बांधलं. मग त्याच्या शेजारच्याला. दुखणं यायच्या आधीच उपाय, म्हणून एकेक करत साऱ्या स्टँडला. शेवटी चिमणीला.

गोपिका नेमकी तेव्हा तिथे आली. तिला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "हे पाह्य. सुई नाई, रगत नाई. हीच आपली लस."

बाकीचे हसले. गोपिका पाय आपटत निघून गेली. साथ श्वासातून आणि नाकाच्या पाण्यातून पसरते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. क्षणभर माझ्याकडे पाहिलं असतं तर तिने मला तिथेच हिसकावून घेतलं असतं. पण ती सुईसाठी भांडत होती. पिशवीकडे तिचं लक्षच गेलं नाही. आणि मी ओरडू शकत नव्हतो.

चौथ्या दिवशी अकरा घोडे खोकत होते. डॉक्टर म्हणाले, आता लस नाही, फक्त विश्रांती. तीन आठवडे कोणी जुंपू नका. पाच दिवसांना नाही म्हणणारे सगळे आता मुकाट बसले. धोंडबाने मात्र हुडकेश्वरच्या एका वऱ्हाडाला शब्द दिला होता. एकच खेप, असं म्हणून त्याने खोकणाऱ्या चिमणीला जुंपलं. परत येताना ती रस्त्यातच बसली.

तिची छाती भरली. पाच दिवस ती धापा टाकत होती. मी समोर खुंटीवर होतो, पण तिने हरभऱ्यासाठी एकदाही माझ्याकडे मान वळवली नाही. सहाव्या दिवशी सकाळी ती गेली. बाकीचे घोडे हळूहळू सावरले.

धोंडबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "तू माह्यावर जबरदस्ती काहून नाई केली वं, गोपे?"

हरेक गोष्टीला उत्तर असणारी ती पोरगी. ती नुसती त्याच्याजवळ जाऊन बसली.

पुढे डॉक्टरांनी विचारलं, चौदा घोड्यांत असं काय होतं जे सगळ्यांच्या तोंडाला लागलं? गोपिकाने सावकाश मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. ती मला जाळायला निघाली होती. धोंडबाने तिच्या हातून मला काढून घेतलं. माझ्या पट्ट्यात चिमणीचे केस अडकलेले आहेत.

तेव्हापासून मी दारामागे टांगलेला आहे. मागच्या महिन्यात रामाजी मला मागायला आला. त्याच्या घोड्याला पुन्हा पडसं झालं होतं. धोंडबा म्हणाला, "फाटला तो." मी फाटलेलो नाही. उद्या कोणी फार गयावया केली तर तो मला काढून देईल, याची मला भीती वाटते. चांगल्या मनाचा माणूस आहे तो. त्याच चांगल्या मनाने त्याने मला चौदा तोंडांना बांधलं होतं.

गोपिका, तुझ्या बापाच्याने हे होणार नाही. केस हवे तर काढून घे, पण मला जाळ. आणि मी जळत असताना दारात उभी राहा. नाहीतर धुराने गुण येतो म्हणून कोणीतरी आपला घोडा तिथे आणून उभा करील.