मशीनमधला मच्छिंद्र

मच्छिंद्र गेल्याला दुसरं वर्ष लागलं होतं, पण वडीगोद्रीच्या हायवेवरच्या आपल्या ऑनलाइन सेंटरमध्ये तो रोज सकाळी येत होता. तुम्ही हसाल. हसा. माझ्या म्हशीनं एकदा एसटीला साइड दिली होती, तेव्हाही लोक हसले होते. कंडक्टर मात्र हसला नव्हता.

तो यायचा तो असा. कॉम्प्युटर चालू केला की विंडोजच्या आधी पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं. मच्छिंद्रानं जिवंतपणी ते काढून तिथं स्वतःचा फोटो बसवला होता. अंबडच्या स्टुडिओतला फोटो. मागे निळा पडदा, लाकडी खुर्ची, खुर्चीत हा, दोन्ही हात गुडघ्यांवर, जसा काही आता शपथविधीच आहे. "मशीन कंपनीचं आसंल तात्या, पण दुकान माझं हाये," असं मला म्हणायचा.

मग एक दिवस छातीत कळ आली आणि दवाखाना येईपर्यंत माणूस संपला. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो आहे, पण तो पासपोर्टचा ताणून मोठा केलेला. त्यात तो पोलीस शोधत असलेला इसम दिसतो. स्टुडिओतला फोटो दुसरीकडे कुठेच नव्हता. खरा मच्छिंद्र राहिला तो मशीनमध्ये.

त्याची बायको उषाबाई शटर उचलायची, उदबत्ती लावायची आणि बटण दाबायची. पडद्यावर नवरा यायचा. चार वेळा पापणी लवेपर्यंत थांबायचा. तेवढ्यात ती सांगायचं ते सांगून घ्यायची. "ज्वारी निघाली." "प्रिंटर पुन्हा कागद खाऊन राह्यला." "भावजी काल बोलले न्हाईत माझ्याशी." मग विंडोज यायचं आणि ती डोळे पुसून रांगेला विचारायची, "हं, पुढं कोण?"

मी बाकावर असायचोच. माझ्या घरचे माझी गोष्ट सुरू झाली की उठून जातात. इथं रांगेतल्या माणसाला उठता येत नाही, नंबर जातो. म्हणून सगळ्यात आधी मला दिसलं की मच्छिंद्राची नजर सरकते आहे.

आधी तो सरळ समोर बघायचा. पोळ्यानंतर जरासा डावीकडे. दिवाळीला आणखी. संक्रांतीपर्यंत बुबुळं पार कोपऱ्यात जाऊन बसली. मान तशीच, हात तसेच, नजर तेवढी तिरपी.

मी रांगेत बोललो तर कचरू म्हणाला, "तात्या, तिकडं भज्याचं हॉटेल हाये. पाहून राह्यला आसंल बिचारा."

सगळे हसले. पण हॉटेल रस्त्यापलीकडे. डावीकडच्या भिंतीवर मेन स्विच होता आणि त्याच्या खाली इन्व्हर्टर.

गर्दी पांगल्यावर मी उषाबाईला विचारलं. ती हळूच म्हणाली, "मामा, मला वाटलं ते मलाच दिसून राह्यलं."

उन्हं तापायला लागली आणि मशीन कण्हायला लागलं. आतली डिस्क मरायला टेकली होती. सातबारा मागितला की माणूस तेवढ्यात शेत नांगरून परत यायचा. शेवटी जालन्याहून, मस्तगडातून, राजनंदिनी आली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी पोरगी, पाठीवर सॅक, तोंडात बडीशेप. तिनं नवी डिस्क बसवली. मशीननं त्या डिस्कला ओळखच दाखवली नाही.

"बायोस जुना हाये, काकू," ती म्हणाली. "विंडोजला उठवायला आधी कोणीतरी जागं पायजे ना? तो बायोस. ही डिस्क त्याच्यानंतर जन्मली. तो तिला वळखत न्हाई. नवा टाकावा लागंल."

"टाक की मंग."

"टाकते. पण तुमचा चालू होतानीचा फोटो त्याच्यातच हाये. तो जाईल. कंपनीचं चिन्ह येईल."

उषाबाई उठली आणि मशीनवर हात ठेवून उभी राहिली, जशी दावणीची गाय न्यायला कोणी आल्यावर बाई उभी राहते. "न्हाई टाकायचा."

"आवो काकू, जुनी डिस्क आज-उद्या जाईल. दुकान बंद पडंल."

"पडू दे. मालकाला एकदा घालवलं. दुसऱ्यांदा माझ्या हातानं न्हाई घालवायची."

राजनंदिनी बडीशेप चघळायची थांबली. म्हणाली, "असं करू. जुन्या बायोसची आधी नक्कल काढते. तिच्यातून फोटो वेगळा निघतो. नवा बायोस बसला की फोटो परत चढवू. या मॉडेलला चढतो, दुसऱ्या मशीनला बिलकुल न्हाई चढायचा. म्हणून हे मशीन जगलं पायजे. काम चालू असतानी लाइट गेली तं जुना गेला आन् नवा बी न्हाई आला. मंग हा नुसता डबा."

उषाबाईनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मच्छिंद्र आला. तिनं विचारलं, "टाकू का?" तो तिच्याकडे बघत नव्हता. कोपऱ्यात बघत होता. तो गेला, तशी ती म्हणाली, "टाक."

पोरगी कामाची पक्की. मशीन उघडून आतल्या पाटीचा, म्हणजे मदरबोर्डचा, नंबर टॉर्च लावून वाचला, माझ्याकडूनही वाचून घेतला. "एक अक्षर चुकलं तरी मशीनचा दगड हुतो, बाबा." नवा बायोस कंपनीच्याच साइटवरून घेतला. जुन्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढले. नक्कल पेन ड्राइव्हवर ठेवली. इन्व्हर्टरचं पाणी पाहिलं. मग स्वतः मेन स्विच पाडून बघितला. पंखा चालू, मशीन चालू. स्विच परत वर केला आणि म्हणाली, "आता लाइट गेली तरी फिकीर न्हाई. फक्त मशीनला कोणी हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत," उषाबाई म्हणाली. आणि खरंच, तिनं मशीनला हात लावला नाही.

पडदा काळा झाला. त्यावर एक पांढरी रेघ गोगलगाईसारखी सरकायला लागली. भर दुपार होती, हायवेचं डांबर उकळत होतं, तरी दुकानात मला थंडी वाजली. उदबत्ती सकाळीच विझली होती. वास मात्र ताजा.

रेघ अर्ध्यावर आली आणि बाहेरून टाळांचा आवाज आला. म्हातारी गोजरबाई पहाटे गेली होती, तिला नेत होते.

आता आमच्या दुकानांच्या लाइनीची एक रीत आहे. तिरडी समोरून जाताना शटर अर्ध्यावर ओढायचं आणि आतला सगळा उजेड बंद करायचा. उजेड दिसला की गेलेलं माणूस भुलतं आणि आत शिरतं म्हणतात. मच्छिंद्र या बाबतीत फार कडक. लाइट बंद करून भागत नाही, इन्व्हर्टरही बंद पाहिजे, हे त्यानंच उषाबाईच्या अंगी मुरवलेलं. त्याची स्वतःची तिरडी गेली तेव्हा साऱ्या लाइनीनं उजेड बंद केला. त्याच्या दुकानाला तर कुलूपच होतं. आत मशीन इन्व्हर्टरवर चालू राहिलं, पडदा उजळलेला, हे रडारडीत कोणाच्या ध्यानात आलं नाही. मला नंतर आठवलं. मी कोणाला बोललो नाही.

टाळ जवळ आले. राजनंदिनी पडद्यात डोळे घालून बसलेली. उषाबाई उठली, झोपेतल्यासारखी. शटर अर्ध्यावर ओढलं. डोक्यावर पदर घेतला. मेन स्विच पाडला. मग वाकली आणि हात इन्व्हर्टरच्या बटणाकडे नेला.

आयुष्यभर जी जीभ थांबली नाही, ती तेव्हाच टाळूला चिकटली.

बटणाच्या बोटभर अलीकडे तिचा हात थांबला. नुसता थांबला नाही, कोणी धरावा तसा थांबला. तिच्या हातातल्या दोन्ही बांगड्या आपोआप वर सरकल्या, कोपरापर्यंत, आणि मनगटाची कातडी चार ठिकाणी दबली. ती ओढत होती. हात येईना.

"सोडा की," ती पुटपुटली. "मयत चाललंय. तुम्हीच तं सांगितलं व्हतं."

राजनंदिनीनं मान वळवली आणि किंचाळली, "काकू! इन्व्हर्टर न्हाई! बिलकुल न्हाई!"

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "आवो, उजेड बंद करा ना! लाज वाटू द्या!" तिरडी शटरच्या खालून दिसत गेली, नुसते पाय आणि पाय. आमच्या दुकानात पंखा फिरत होता, पडदा उजळलेला होता, आणि उषाबाई वाकलेली, हात हवेत.

टाळ दूर गेले. बांगड्या खळ्‌कन खाली आल्या. रेघ टोकाला पोचली.

मशीन बंद होऊन चालू झालं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, कोरं, चकचकीत. नवी डिस्क पटकन ओळखली. राजनंदिनीनं कपाळाचा घाम पुसला. "झालं काकू. जल्दी फोटो चढवते आता."

तिनं नक्कल आपल्या लॅपटॉपमध्ये लावली, फोटो वेगळा काढला आणि उघडला.

निळा पडदा होता. लाकडी खुर्ची होती. खुर्चीत कोणी नव्हतं. बैठकीवरची गादी मात्र मधोमध दबलेली, माणूस नुकताच उठून गेल्यावर असते तशी.

"नक्कल खराब निघाली वाटतं," राजनंदिनी म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच पटला नाही.

उषाबाई मनगट चोळत होती. ते लाल झालं होतं. तिनं डावीकडच्या भिंतीकडे, इन्व्हर्टरजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर पुन्हा नीट केला, घरात मोठं माणूस आल्यावर करतात तसा.

"तोच चढव," ती म्हणाली. "रिकामाच ऱ्हाऊ दे."

आता रोज सकाळी पडद्यावर रिकामी खुर्ची येते. उषाबाई तिकडं बघतसुद्धा नाही. ती भिंतीकडे तोंड करून सांगते, "मंठ्याहून आपल्या लेकीचा फोन आल्ता. बराबर हाये समदं." मग पुढचा नंबर घेते.

इन्व्हर्टरजवळ तिनं एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. परवा कचरू दमून आला आणि तिच्यात टेकायला गेला. मी म्हणालो, "कचरू, तिथं नको."

"का? तुमची म्हैस बसती का तिथं?" असं म्हणून तो बसला.

लगेच उठला. त्यानं मागं वळून खुर्चीकडे पाहिलं आणि एकदम दोन्ही हात जोडले. "माफ करा," म्हणाला. कोणाला म्हणाला ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. रांगेत उभं राहतो. माझ्या गोष्टींना आता हसत नाही.