सेन्योंगची नळी

सेन्योंग मांत्रिकाच्या अंगणात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेजारच्या बेटांवरूनही होड्या भरून माणसं आली होती. मधोमध एर्लिंडाची सोळा वर्षांची लेक जोव्हेलिन मान खाली घालून बसली होती. गेली तीन वर्षं जरा मनाविरुद्ध झालं की ती किंचाळायची, स्वतःचे हात ओरबाडायची, मग तासन्‌तास रडायची.

सेन्योंगने पाण्याचा पेला तिच्या छातीशी धरला आणि बांबूच्या नळीने त्यात फुंकर मारली. बघता बघता पाणी काळं झालं.

"बघा! समुद्रातली बया हिच्या छातीत बिऱ्हाड थाटून बसलीय. अजून सात फुंकरी लागतील!"

"गेल्या खेपेला पाच म्हणाला होतात, ताताय," कुणीतरी पुटपुटलं. बेटावर वडीलधाऱ्या पुरुषाला ताताय, म्हणजे बाबा, म्हणत.

"बया हट्टी आहे!"

गर्दीने छातीवर क्रूसाची खूण केली. एर्लिंडाला हायसं वाटलं. दोष बयेचा, आपला नाही.

तेवढ्यात दवाखान्यातल्या डॉक्टर मारिविक पुढे आल्या. त्यांनी नळी उचलली, पोरीपासून दहा पावलं लांब जाऊन दुसऱ्या पेल्यात फुंकली. पाणी काळं!

"आता बया माझ्या छातीत आली का, ताताय?"

त्यांनी नळी दगडावर आपटून फोडली. आत काजळीचा चिखल लिंपला होता.

कुणी हसलं नाही. जोव्हेलिन हळूच म्हणाली, "आई, मी सांगत होते ना, माझ्या आत दुसरं कुणी नाही. गेल्या खेपेला बया काढायला म्हणून सेन्योंगने मला चाबकाने मारलं, तेव्हा माझे पाय तू धरले होतेस."

दुसऱ्या दिवशी एर्लिंडा तिला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी उसळत्या भावना सांभाळायला शिकवणारा डीबीटी नावाचा मानसोपचार सुरू केला. "यात चमत्कार नाही. वर्षभर शिकावं लागेल," त्यांनी आधीच बजावलं. भावना उसळली की गार पाण्यात तोंड बुडवायचं, त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. श्वास सावकाश सोडायचा. काय वाटतंय त्याला नाव द्यायचं. आहे तशी मी मला चालते, आणि मला बदलायचंही आहे, ही दोन्ही वाक्यं एकत्र धरायची. आईलाही धडा होता: पोरीचं दुःख खोडून काढायचं नाही.

चार महिन्यांनी एका संध्याकाळी जोव्हेलिन गार पाण्यात तोंड बुडवून ओल्या चेहऱ्याने आईसमोर उभी राहिली. "हा राग नाही, आई. दुःख आहे. तुझ्यामुळे झालेलं."

'तुझ्याच भल्यासाठी गं' हे शब्द एर्लिंडाने गिळले. "खरं आहे तुझं. मी दुखवलं तुला."

पोर रडली. आईने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. ती आत निघून गेली. एर्लिंडा तिथेच बसून राहिली.

तुमच्या लेकराच्या रडण्याला कुणी भूत म्हणालं, तर भूत काढणाऱ्याची नळी तपासा. आणि त्याहीआधी लेकराला विचारा, काय दुखतंय. एर्लिंडाने हे तीन वर्षं विचारलं नव्हतं.