नऊ हजार आठशे साठ कावळे

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत मी घरातल्या सगळ्या वस्तू मोजून संपवल्या. चौतीस वर्षं रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे बसून गोळ्या मोजल्या होत्या. ती खोड एका दिवसात थोडीच सुटते. जिन्याच्या पायऱ्या झाल्या, पडद्याच्या कड्या झाल्या, मग मी ताईच्या डब्यातल्या बटणांना हात घातला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. घरात आम्ही दोघंच. तीही त्याच रुग्णालयात एक्स-रे काढायची, माझ्याआधी सहा वर्षं निवृत्त झाली आणि तेव्हापासून गळ्यात कॅमेरा अडकवून पक्ष्यांमागे फिरते. तिने डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, मोजायचंच असेल तर माझ्याबरोबर चल.

गावातल्या पक्षीमंडळाच्या प्रमुख दातांच्या डॉक्टर आहेत. रुग्णालयाच्या मागे ओळीने सहा मोठी झाडं आहेत. थंडीच्या दिवसांत चहूकडचे कावळे संध्याकाळी तिथे मुक्कामाला येतात. ते किती येतात, हे डॉक्टरीणबाईंना मोजायचं होतं. त्यांनी सगळ्यांना एकेक छोटं यंत्र दिलं. बटण दाबलं की आकडा एकने पुढे सरकायचा. दहा कावळे गेले की एकदा दाबायचं.

मी यंत्र परत केलं. शांतपणे सांगितलं की मी तीस गोळ्या नजरेने ओळखतो, मला बटणाची गरज नाही. बाई "बरं, काका" म्हणाल्या आणि यंत्र पिशवीत टाकलं. दात काढायला आलेल्या माणसाने "मला भूल नको" म्हटल्यावर त्या अशाच बघत असणार.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही रुग्णालयाच्या गच्चीवर उभे राहिलो. समोर धुलाईखान्याचं लांबलचक छप्पर, त्यामागे झाडं. हवा इतकी गार की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. साडेपाचच्या सुमाराला पहिली ओळ आली, मग दुसरी, मग आकाशातून काळं सांडावं तसं सगळीकडून सुरू झालं. बाकीचे लोक चुकले, अडखळले, एकमेकांना विचारू लागले. मी मात्र तीस, साठ, नव्वद करत सुसाट निघालो होतो. कोपऱ्यातल्या झाडावर तर सहाशे कावळे आधीपासूनच बसले होते, जागचे हलत नव्हते. वयस्कर असतील, लवकर येऊन जागा धरत असतील, असा अंदाजही मी बांधला.

माझा आकडा झाला नऊ हजार आठशे साठ. इतरांचे तीन हजाराच्या आसपास होते. मला त्यांची कीव आली.

खाली वर्तमानपत्राचा बातमीदार उभा होता. डॉक्टरीणबाई त्याला सांगत होत्या की अजून दोन दिवस मोजू, मग बोलू. पण त्याला आज आकडा हवा होता आणि माझ्याकडे तयार होता. वयस्कर कावळ्यांची माहितीही मी फुकट पुरवली. गुरुवारी माझा फोटो छापून आला. मी तो घरातल्या आरशाच्या कडेला लावला, म्हणजे दाढी करताना दोन्ही चेहरे दिसावेत.

त्याच दुपारी रुग्णालयाच्या फाटकावर नोटीस लागली. दहा हजार कावळे रुग्णांच्या खिडक्यांपाशी बसतात, हे अधीक्षकांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. सहाही झाडं तोडायची होती. सर्वांत जास्त कावळे असलेलं कोपऱ्यातलं झाड शनिवारी, उरलेली सोमवारी.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई घरी आल्या. रागावल्या नव्हत्या, हेच जास्त वाईट होतं. मी मोजलं कसं, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगत असताना ताईने मंगळवारचे फोटो संगणकावर उघडले आणि चष्मा नाकावर खाली ओढून एकेक बघायला लागली. हाडाला बारीक चीर असली तरी ती पूर्वी अशीच हुडकून काढायची.

"हा कावळा बघ," ती म्हणाली. "डाव्या पंखात एक पांढरं पीस आहे. पाच बेचाळीसला छपरावर उतरतोय. पाच एक्कावन्नला परत उतरतोय. सहाला दोन मिनिटं कमी असताना तिसऱ्यांदा."

धुलाईखान्यातून वाफ सुटली की छपरावर जमलेला सगळा थवा उडायचा, एक चक्कर मारून तिथेच बसायचा. दरवेळी मी नव्या उमेदीने पहिल्यापासून मोजले होते. मी घसा खाकरून म्हटलं की पांढऱ्या पिसाचे तीन कावळे असू शकतात. ताईने पुढचा फोटो उघडला. तो तिने त्याच दिवशी भर दुपारी काढला होता. आसपास एकही कावळा नव्हता, आणि कोपऱ्यातल्या झाडावर माझे वयस्कर कावळे जसेच्या तसे लटकत होते. त्या शेंगा होत्या. वाळून काळ्या पडलेल्या, वीतभर लांब.

बाई म्हणाल्या, "काका, अधीक्षक तुम्हाला ओळखतात. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

उद्या सकाळी जातो, असं मी कबूल केलं, आणि शुक्रवारी गेलोही. फाटकापर्यंत गेलो. तिथल्या पहारेकऱ्याने पेपरातला फोटो पाहिला होता. त्याने उठून नमस्कार केला. माझ्याच्याने पुढे पाऊल टाकवेना. परत येऊन ताईला सांगितलं की साहेब जागेवर नव्हते. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्यासमोर मला आजवर एकही खोटं धडपणे बोलता आलेलं नाही, तरी दरवेळी मी बोलतो.

शनिवारी सकाळी घरापर्यंत करवतीचा आवाज आला. मी स्वेटर उलटा घालूनच धावलो. पोहोचलो तेव्हा कोपऱ्यातलं झाड आडवं झालं होतं. जमिनीवर शेंगांचा सडा पडला होता आणि दोन कामगार त्या पायाने बाजूला सारत होते. सहा झाडांतलं हे एकच असं, की ज्याच्यावर कदाचित एकही कावळा बसत नव्हता. मी एक शेंग उचलली. आत बिया खुळखुळल्या. मला तेव्हा जे वाटलं ते नीट सांगता येणार नाही. फक्त एवढं की त्या क्षणी आजूबाजूला कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

तसाच अधीक्षकांच्या खोलीत गेलो आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तीनदा मोजलेला थवा, शेंगा, कालचं फाटक. अधीक्षक मला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग चौतीस वर्षं गोळ्या?" त्यांनी विचारलं.

"गोळ्या उडत नव्हत्या, साहेब," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले की तीन हजार कावळेही काही थोडे नाहीत. मी म्हटलं, नाहीत. पण आपण दोघं इथे आल्यापासून तेवढेच आहेत, आणि बुधवारपर्यंत तुमच्याकडे एकही तक्रार आली नव्हती. हे वाक्य मी रस्त्यात जुळवलं नव्हतं. आपोआप आलं, म्हणून बहुधा बरं आलं.

रविवारी संध्याकाळी अधीक्षक स्वतः कोट-मफलर घालून गच्चीवर आले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात यंत्र दिलं, त्यांनी निमूटपणे घेतलं. पहिला थवा वाफेने उडाला, तेव्हा त्यांचं बोट थबकलं. "हे आधीचेच का?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की मला विचारू नका, ताईला विचारा.

सगळ्यांच्या आकड्यांची सरासरी तीन हजार एकशे चाळीस निघाली. रुग्णवाहिका उभ्या राहतात तिथे वाकलेल्या दोन फांद्या कापायचं ठरलं; उरलेली पाच झाडं राहिली. पेपरात चूकदुरुस्ती आली ती हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीखाली, चार ओळींत, माझ्या फोटोशिवाय.

मंडळाने मला काढून टाकलं नाही. आता दर मंगळवारी मी गच्चीवर पाटी-पेन्सिल घेऊन बसतो आणि इतर लोक सांगतील ते आकडे लिहून घेतो. अक्षर माझं चांगलं आहे. अंधारून आलं, कावळ्यांची जागेवरून होणारी भांडणं मिटत आली की ताई कॅमेरा पिशवीत घालते, मी खुर्च्या उचलतो आणि आम्ही जिना उतरतो. खुर्च्या किती असतात ते मला माहीत नाही.