शिशाची कल्हई

मी खाण बोलतेय. सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी माझं तोंड आहे. ते आता बुजलेलं आहे, म्हणून जरा मोठ्यानं बोलते.

माझा जन्म भेगेतला. काळा खडक तडकला, खालून उकळतं पाणी वर आलं आणि निवता निवता गारगोटीसोबत शिशाचा दगड ठेवून गेलं. जड दगड, फोडला की आरशासारखा चमकतो. त्यात चांदीही होती, पण आमटीतल्या हिंगाएवढी.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्यावर एक साहेब आला. त्यानं तंबू ठोकला, सुरुंग लावले, मला खोल नेलं. मनाजोगी चांदी लागेना तेव्हा हिरमुसला आणि निघून गेला. फोडलेल्या दगडांचा ढीग तसाच राहिला. पुढं कितीतरी वर्षं माझ्याकडं वटवाघळांशिवाय कोणी फिरकलं नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. समुद्रापलीकडून येणारं कथील थांबलं आणि सोनाळ्याच्या वाहेद कल्हईवाल्याचा भाता गार पडला. त्यानं माझे दगड कोळशात वितळवून शिसं काढलं, त्यात उरलंसुरलं कथील मिसळलं आणि भांड्यांना कल्हई केली. भांडी झळझळली. मीही फुशारले, एवढ्या वर्षांनी कोणाच्या तरी कामी आले होते. पण माणसं त्या भांड्यांत कढी करतात आणि आंबट ताकात शिसं उतरतं, हे मला कुठं ठाऊक!

एका सकाळी वाहेद पुन्हा दगड न्यायला आला. मागोमाग त्याची बायको नूरबी आली, पोट धरून, धापा टाकत. तिनं त्याच्यापुढं एक काळंमिट्ट फडकं टाकलं.

"याच्यानं पातेलं पुसलं मी. कथील असं काळं करते का? फडकं फिरवून पाह्यल्याशिवाय भांडं देऊ नका, असं तुमच्या बापानं शिकवलं होतं ना?"

वाहेदनं मान खाली घातली. "मले वाटलं, थोडंसं चालते."

"मी त्याच्यातच कढी करून राह्यली. पोटात कळा येतात, मनगट उचलत नाही. अन् उद्या कडूबाच्या पोरीच्या लग्नात सारा गाव जेवन."

"लग्नाचे भांडे मीच केले. सांगितलं त मले परत कोण भांडे देईन?"

"अन् नाही सांगितलं त देणारे राह्यतीन का?"

वाहेदनं दगड तिथंच टाकले आणि तो कडूबाच्या घरी गेला. लग्नाची कढी कुंभाराच्या मडक्यांत शिजली.

लग्न आटोपल्यावर कडूबा स्वतः बैलगाडीत धोंडे भरून वाहेद आणि नूरबीसोबत वर आला. "तुह्यापाई मडक्यात लग्न केलं बे," तो म्हणाला. "सोयरे हासले. कथील आलं की भांडे तूच करजो."

दोघांनी वाहेदकडं उरलेलं शिसं आणि बाहेरचा दगडांचा ढीग माझ्या पोटात टाकला आणि तोंड बुजवलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? नूरबी वाचली, पण तिचं उजवं मनगट कायमचं लुळं पडलं.

माझा चमकता दगड कधी ओढ्यात सापडला तर हवं तेवढं पाहा, पण चुलीपाशी नेऊ नका. माझ्या तोंडावरचा शेवटचा धोंडा नूरबीनं ठेवला, डाव्या हातानं.