जा म्हणाले, म्हणून गेले

कामिझावातल्या चार शाळांचं दुपारचं जेवण एकाच स्वयंपाकघरात शिजतं. तिथे नेझु मियोको आणि मी एकाच कढईपाशी उभ्या असायचो. तिचा नवरा बरीच वर्षं नागोयाला दुसऱ्या बाईबरोबर राहत होता. मुलीचा फोन नववर्षाला यायचा. मियोको याबद्दल कधी कुरकुर करायची नाही, पण फारशी हसायचीही नाही. पन्नाशीला आली तेव्हा डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं. ती चालू लागली. पळायला मात्र तिला तादोकोरो-साननी लावलं.

तादोकोरो-सान वनखात्यातून निवृत्त झालेले, वाळलेल्या फांदीसारखे काटक. रोज सकाळी देवळामागच्या दगडी पायऱ्या चढून ते डोंगरात पळायला जायचे. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून कमरेला घंटी बांधलेली असायची. एके दिवशी मियोको त्या पायऱ्यांवर धापा टाकत बसली होती.

"इथेच बिऱ्हाड केलंत की काय?" त्यांनी विचारलं.

"जरा दम खाते आणि उतरते."

"उतरता कशाला? वरून दुसरी वाट आहे. सगळा उतारच."

ती वर गेली. उतार होता खरा, पण तो लागायच्या आधी आणखी दोन डोंगर चढायचे होते. दुसऱ्या दिवशी मियोकोला स्वयंपाकघरात धड उभं राहता येत नव्हतं. "तो म्हातारा खोटारडा आहे," ती मला म्हणाली. आणि रविवारी पुन्हा त्याच पायऱ्यांवर हजर झाली.

तेव्हापासून दोघं बरोबर पळू लागले. पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून चढ चढायचे. पावसाळी चिखलात उतरायची सवय करायची. पळता पळता भाताचा गोळा खायचा आणि तो पोटात टिकवायचा. तादोकोरो-सानच्या तोंडचं 'तुम्ही' जाऊन 'तू' कधी आलं, ते तिलाही आठवत नाही.

"पाय आपटू नकोस," ते मागून ओरडायचे. "डोंगराने तुझं काय बिघडवलंय?"

"माझ्या पायांकडे बघू नका, वाटेकडे बघा."

"वाट तुझ्याआडून दिसतेय कुठे?"

कामिझावाची शरदातली शर्यत हे त्यांचं लक्ष्य. गावातून पहाटे निघायचं, भोवतालच्या सगळ्या डोंगरांवरून फिरून अंधार पडायच्या आत गावात परत यायचं. प्रत्येक खिंडीत पोचायची वेळ ठरलेली. उशीर झाला की तिथेच थांबवतात. तादोकोरो-साननी ती अनेकदा पुरी केली होती. मियोकोला पहिल्या वर्षी शेवटच्या खिंडीत थांबवलं, छातीवरचा नंबर काढून घेतला आणि गाडीत बसवून खाली आणलं. दुसऱ्या वर्षी वादळामुळे शर्यतच रद्द झाली.

"पुरे की आता," मी तिला म्हणाले. "कोण बघतंय?"

ती मोठ्या पळीने सूप ढवळत होती. "आपण केलेलं सगळं दुपारपर्यंत खाऊन संपतं गं," ती म्हणाली. "भांडी घासली की जसं काही केलंच नव्हतं. एकदा तरी काहीतरी शेवटपर्यंत न्यायचंय मला."

तिसऱ्या वर्षीचा तो दिवस सकाळी बरा होता. दुपारी हवा फिरली. मियोको तेव्हा उमानोसेवर होती. उमानोसे म्हणजे घोड्याची पाठ. नावाप्रमाणेच निमुळती, दोन्ही बाजूंनी उतरती, आडोसा नसलेली डोंगराची धार आहे ती. आधी पाऊस आला, मग त्या पावसात बर्फाचे कण मिसळले. वारा असा की वाकून पळावं लागत होतं. पण ती वेळेच्या पुढे होती. तादोकोरो-सान थोडे मागे होते. त्यांची घंटी वाऱ्यात मधूनच ऐकू यायची.

वाटेच्या कडेला एक माणूस बसला होता. तरुणच, चाळिशीच्या आतला. अंगात पातळ सदरा आणि अर्धी चड्डी. रेनकोट बाजूला काढून ठेवलेला, तोही वाऱ्याने दरीत चाललेला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," तो हसला. "उकडतंय."

डोंगरात फिरणाऱ्या कुणालाही याचा अर्थ कळतो: गारठ्याने मरायला टेकलेल्या माणसालाच असं उकडतं. तिने स्वतःच्या पिशवीतला ऊब धरणारा चंदेरी कागद काढून त्याच्याभोवती गुंडाळला. त्याचे हात चोळले. नाव विचारलं तर 'उसामी' इतकंच म्हणाला. पुढे काय बोलला, ते तिला समजलं नाही. तिने शिट्टी वाजवली. मागून येणारी दोन माणसं थबकली आणि पुढच्या खिंडीत सांगतो म्हणून निघून गेली.

मग तादोकोरो-सान आले. त्यांनी त्या माणसाच्या गालावर दोनदा चापटी मारली आणि मियोकोकडे वळले.

"तू जा."

"आपण दोघं मिळून त्याला खाली नेऊ."

"या वाऱ्यात? तिघंही दरीत जाऊ. माणसं येतील वर. मी बसतो याच्यापाशी. माझी ही शर्यत खूपदा झालीय. तू जा."

मियोको उभी राहिली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नाही. तेवढ्यात तादोकोरो-साननी आपल्या जॅकेटची चेन खाली ओढली आणि जॅकेट काढून त्या माणसाला घालायला लागले. आत त्यांचा लोकरीचा जुना सदरा होता, तोही ओला.

"गेलीस का नाही अजून?" ते मान वर न करता म्हणाले.

ती गेली.

खिंडीत तिने सगळं सांगितलं. आधीच्या दोघांनीही सांगितलं होतं, माणसं निघालीही होती. "तुम्ही ठीक आहात ना?" तिथल्या बाईने विचारलं. "वेळ आहे अजून, जाऊ शकता." मियोको पुढे निघाली. शेवटच्या उतारावर बर्फ नव्हता, नुसता पाऊस होता. शाळेच्या मैदानात लोक छत्र्या धरून उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. तिच्या गळ्यात लाकडी पदक घातलं. मीही तिथे होते. तिला मिसोचं सूप दिलं, ती पिईपर्यंत वाटी मीच धरली.

"तादोकोरो-सान आले का?" तिने विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडू शकलं नाही. पायी गेलेल्यांना धारेवर चढायला फार वेळ लागला. तादोकोरो-सान त्या माणसाला पाठीआड घेऊन, वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. उसामी जिवंत होता. तादोकोरो-सान नव्हते.

अंत्यविधीला अख्खं गाव आलं. तादोकोरो-सानची बायको काझुए काळ्या किमोनोत ताठ बसून होती, प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती. मियोकोची पाळी आली तेव्हा काझुएने मान वर केली.

"शर्यत पुरी झाली तुझी?"

"हो."

"त्यांना बरं वाटलं असतं," काझुए म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. त्यानंतर ती मियोकोशी बोलली नाही. दुकानात समोर आली तर मान वाकवायची, एवढंच.

मियोकोला कुणी दोष दिला नाही. वाऱ्यात एका जागी बसून राहिली असती तर तीही मेली असती, असंच सगळे म्हणाले, आणि ते खरं होतं. पण ती पळायची थांबली. कामावर यायची, भाज्या चिरायची, घरी जायची. मी तिला एकदा म्हणाले, "त्यांनीच सांगितलं ना तुला जा म्हणून?"

"म्हणाले," ती म्हणाली. "पण 'गेलीस का नाही' म्हणाले तेव्हा मी आधीच वळले होते. त्यांनी चेन ओढली ती मी पाहिली. पाहून गेले."



वसंतात उसामी आला. डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्याने शर्यतीच्या लोकांकडून मियोकोचा पत्ता मिळवला होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात मिठाईचा खोका घेऊन उभा राहिला आणि कमरेत इतका वाकला की मलाच संकोच वाटला.

"मला त्यांचा चेहरा आठवत नाही," तो म्हणाला. "कुणीतरी सारखं रागावत होतं, इतकंच आठवतं. झोपू नकोस, गाढवा, म्हणत होतं. मला वाटलं, वडीलच आहेत."

मियोकोने एप्रन काढला आणि त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. काही न लपवता सगळं सांगितलं. खिंडीतून पुढे गेल्याचं, टाळ्यांचं, पदकाचंसुद्धा. उसामी मान खाली घालून ऐकत होता.

"मी आधी चूक केली," तो शेवटी म्हणाला. "सकाळी जड वाटतात म्हणून गरम कपडे घरीच ठेवले. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"तुम्ही नका मला समजावू," मियोको म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्यांच्या घरी गेलात का?"

"धीर झाला नाही."

ती त्याला घेऊन गेली. तादोकोरोंचं घर गावाच्या वरच्या टोकाला आहे. मीही बरोबर होते. ती वाट तिला माझ्याशिवाय जमेल असं मला वाटलं नाही. काझुए अंगणात मुळे वाळत घालत होती. उसामीने नाव सांगितलं. काझुए त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्या हाताकडे. तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"उभे राहा," काझुए म्हणाली. "जेवलात का?"

"नाही."

"मग या आत."

तो चपला काढून आत गेला. काझुए दारात थांबली. मियोको फाटकाच्या बाहेर उभी होती, हात पुढे गुंफून, जणू कुणीतरी बोलवेल म्हणून. काझुएने एकदा तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. दमलेल्या माणसाने पुढ्यात आलेल्या आणखी एका कामाकडे बघावं तसं पाहिलं. मग तिने दार लोटून घेतलं.

आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. "चल," मी म्हणाले. मियोकोने उघडं राहिलेलं फाटक लावून घेतलं. मग आम्ही उतारावरून खाली आलो.